जास्तीचा गोल

कमी पडलेले पैसे सगळेच शोधतात. जास्त आलेले कोण शोधतो? हा प्रश्न मला परवा ताडकळसच्या आमच्या शाखेत पडला. एरवी बँकेतल्या माणसाला तत्त्वज्ञानाचे प्रश्न पडत नाहीत. त्याला 'स्लिप भरली का?' आणि 'सर्व्हर चालू आहे का?' हे दोनच प्रश्न पडतात, आणि दुसऱ्याचे उत्तर फक्त देवाला ठाऊक असते.

झाले असे, की त्या दिवशी रोकड पाचशे रुपयांनी कमी आली. खणात, टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्यात, शिपायाच्या चेहऱ्यावर, सगळीकडे शोध झाला. अखेर पदरचे भरण्यासाठी मी पाकीट काढणार, तोच अर्ध्या ओढलेल्या शटरखालून निराधार योजनेचे पैसे नेणारी एक मावशी आत आली. पदराची गाठ सोडत म्हणाली, "सायेब, तीनाच्या जागी चार नोटा आल्या बघा. घरी नातवानं मोजल्या."

नोट हातात पडल्यावर मला औदार्य सुचले. म्हटले, "मावशी, ठेवून घेतली असती तरी कुणाला कळलं नसतं."

"कळायचं काय त्यात? तुमच्या पगारातून कापतेत म्हणं."

ती गेली, रोकड जुळली आणि मला एकदम फुटबॉल आठवला.

संबंध आहे, जरा थांबा. 2001 साली मी परभणीला बी.कॉम. करीत होतो आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात होतो. 'होतो' म्हणजे राखीव होतो. पाण्याची बादली आणि लिंबाच्या फोडी माझ्या ताब्यात असत. परभणी म्हणजे काही कोल्हापूर नव्हे, की शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले आणि पेठाच्या पेठा ओस पडल्या. आमच्या संघात क्रिकेटने नाकारलेली मुले होती. त्या हंगामात मैत्रीचे आणि स्पर्धेचे धरून आम्ही पाच सामने खेळलो. चार हरलो, एक जिंकलो. त्या एका विजयावर आम्ही पुढे वर्षभर चहा प्यायलो.

तो विजय एक-शून्य असा होता. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या गड्याने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, बाजूच्या फाटक्या जाळीत शिरला आणि गोलमध्ये जाऊन शांत बसला. पंच लांब होते. त्यांना चेंडू आत दिसला. त्यांनी शिटी फुंकली. मी बादली घेऊन गोलच्या मागेच बसलो होतो. त्यांचा गोलकीपर ओरडून दमला आणि शेवटी माझ्याकडे वळला. "भाऊ, तुम्ही बघितलं ना? बाहेरून गेला ना?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं. लिंबू कापत होतो."

यावर मी माझी समजूत बरीच वर्षे घालत आलो. 1986 च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध चक्क हाताने गोल केला, तर लोकांनी तो हात देवाचा ठरवला. आमच्या गोलात देवाचा हात नव्हता, फार तर उंदराचे दात असतील. शिवाय निर्णय पंचांचा. मला कुणी पंच नेमले होते?

पण पुढे मला कॉर्नेलची हकिकत कळली आणि ही समजूत डळमळली. अमेरिकेतले हे विद्यापीठ. तिथला फुटबॉल बहुतेक हातानेच खेळतात, पण नावापुरते आपण सोडून देऊ. 1940 च्या हंगामात कॉर्नेलचा संघ एकही सामना हरला नव्हता. 16 नोव्हेंबरला डार्टमथ कॉलेजशी गाठ पडली. तीन-शून्य असे मागे असताना त्यांनी शेवटच्या क्षणी गुण मिळवले आणि सात-तीन असा सामना जिंकला. नियमाने त्यांना चार प्रयत्न मिळायला हवे होते; पंचांच्या मोजणीतल्या चुकीने पाच मिळाले, आणि पाचवाच फळाला आला. मग सामन्याची फिल्म पाहिली गेली, पंचांनी चूक कबूल केली. कॉर्नेलने डार्टमथला तार करून विजय सोडून दिला. आजही तो सामना तीन-शून्य असा डार्टमथच्या नावावर आहे. सद्गुणाचे फळ म्हणाल, तर पुढच्याच शनिवारी कॉर्नेल पेनसिल्व्हेनियाकडून वीस-बावीस असे हरले.

आम्ही तार केली नाही. आपल्याकडची तारसेवा 2013 साली बंद झाली, त्यामुळे आता निमित्तही आयते मिळाले आहे.

पण मावशीने घोटाळा केला. 'कुणी पाहिले नाही तर खरे बोलावे का?' हा प्रश्न मी इतकी वर्षे माझ्या सद्सद्विवेकबुद्धीचा खाजगी मामला समजत होतो. त्यामुळे तिला थोडी झोप लागली की मलाही लागत असे. मावशीने सद्सद्विवेकबुद्धीचे नावही काढले नाही. तिने फक्त विचारले, की हे पैसे कुणाच्या पगारातून जातील? बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात : एका खात्यात जमा पडले, की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडतेच. मी पहिल्या वर्गात पास झालो, पण आमचा एक गोल कुणाच्या नावे पडला हे पाहायला मला ताडकळसला बदली होऊन यावे लागले. तो त्या गोलकीपरच्या नावे पडला होता. परत जाताना गाडीत त्याला त्याच्या पोरांनी काय काय ऐकवले असेल, कोण जाणे.

तो आता कुठे असतो, मला माहीत नाही. खाते बंद झाल्यावर दुरुस्तीची नोंद कशी करायची, याचे परिपत्रक आमच्या बँकेतही नाही. तरी करून ठेवतो. भाऊ, माझे लक्ष होते. चेंडू बाहेरूनच गेला. त्या हंगामात आम्ही चार सामने हरलो आणि एक बरोबरीत सुटला.

प्यायलेल्या चहाचे तेवढे बघून घ्या.