‘मी बनवली’ म्हणजे काय?

गुलमंडीतल्या घरात मी इलेक्ट्रिक गिटार बनवतोय. बॉडी सागवानातून मी कापली. नेक, पिकअप, तारा विकत आणल्या. मग ‘मी बनवली’ म्हणणं खरं का?

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. तरी तंबोरा घडवणाऱ्या शिकलगाराचाच मानला जातो. जवारी त्याच्या कानानं लागते; बिघडली तर वाद्य त्याच्याकडेच परत जातं.

माझ्या नेकवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर आहेत. तिथून जवळपास तेवढ्याच अंतरावर ब्रिज हवा, नाहीतर फ्रेट कितीही अचूक असोत, स्वर खोटेच लागतील. ती जागा मी ठरवणार. म्हणून ‘मी बनवली’ म्हणेन. श्रेय सगळ्यांत वाटता येतं. बेसूर वाजली तर उत्तर मलाच द्यायचंय.