प्रतिसृष्टीचे प्रयोजन

सदेह स्वर्गास जाऊ इच्छिणाऱ्या त्रिशंकूस देवांनी खाली लोटले, तेव्हा विश्वामित्राने त्याच्यासाठी प्रतिसृष्टीच निर्माण करावयास आरंभ केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कथेत ऋषीच्या सामर्थ्याविषयी कोणासच शंका नाही. शंका येते ती निराळीच. ही नवी नक्षत्रे कोणासाठी? त्रिशंकूच्या हितासाठी, की ऋषीच्या दुखावलेल्या अभिमानासाठी? त्रिशंकू शेवटी अंतराळात उलटा लटकत राहिला, हे मात्र आपण विसरत नाही.

आज प्रतिसृष्टीचे सामर्थ्य तपोवनातून प्रयोगशाळेत आले आहे. संश्लेषी जीवशास्त्र जनुकांकडे यंत्राच्या सुट्या भागांप्रमाणे पाहते. एका जीवातील जनुक काढून दुसऱ्यात बसवावे, हवे तर ते नव्याने रचावे, आणि त्या जीवाकडून इच्छित काम करून घ्यावे, असा त्याचा खटाटोप आहे. या शास्त्राच्या उंबरठ्यावर उभे राहून विश्वामित्रास विचारावयाचा प्रश्न चिकाटीने विचारीत आलेल्या कलावंत म्हणजे लंडनच्या अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग.

त्यांचा आरंभ कुतूहलाने झाला. 2009 साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी निरनिराळी रंगद्रव्ये निर्माण करणारे जिवाणू घडविले. गिन्सबर्ग आणि त्यांचे सहकारी जेम्स किंग यांनी या रंगांचा पुढे काय उपयोग होईल, याची कल्पनाचित्रे रंगविली. पोटात गेलेले जिवाणू रोग ओळखतील आणि विष्ठेच्या रंगाने त्याची वर्दी देतील, ही त्यांतलीच एक. त्यांनी अशा रंगीत विष्ठेचे नमुने पेटीत मांडून शास्त्रज्ञांपुढे ठेवले. हसू येते खरे; पण उद्याचे सुख प्रत्यक्षात कसे दिसेल, हे उघड्या डोळ्यांनी पाहावयास लावणारे ते हसू आहे.

पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील आपल्या प्रबंधात त्यांनी ‘बेटर’, म्हणजे ‘अधिक चांगले’, या कल्पनेचीच छाननी केली. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर ‘चांगले’ या विशेषणास चतुर्थीची अपेक्षा असते. कोणास चांगले? ही चतुर्थी अध्याहृत ठेवली की वाटेल ते चांगले ठरविता येते. आपल्याकडे श्रेय आणि प्रेय यांचा विवेक प्राचीन आहे. पण तेथे निवड करणारा आणि फळ भोगणारा बहुधा एकच असतो. येथे निवड एकाची आणि फळ दुसऱ्याचे, अशी स्थिती आहे.

या चतुर्थीचे उत्तर नेहमीच अवघड असते, असे मात्र नव्हे. डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागणारे इन्सुलिन 1978 मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेण्यात आले आणि 1982 पासून ते औषध म्हणून मिळू लागले. हे चांगले कोणास, तर मधुमेह्यास. अशा विद्येस सरसकट नाके मुरडणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु जेथे घेणाराच उरलेला नाही, तेथे काय? हवाई बेटांतील माउई येथे जास्वंदीच्या कुळातील एक वृक्ष होता. गुरांच्या कुरणांनी त्याचे रान खाल्ले. 1912 च्या सुमारास शेवटचे झाड मरणपंथास लागलेले दिसले. हार्वर्ड विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात त्याचा वाळलेला नमुना तेवढा राहिला. जिंकगो बायोवर्क्स या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अशा नमुन्यांतील डीएनएवरून गंधाशी संबंधित जनुके रचून यीस्टमध्ये घातली, आणि गंधतज्ज्ञ सिसेल तोलास यांनी मिळालेल्या रेणूंवरून गंध सिद्ध केला. गिन्सबर्ग यांचा या 2019 च्या उपक्रमात प्रमुख वाटा होता. त्या फुलात कोणते रेणू असावेत, हे जनुकांवरून ताडता येते. त्यांचे प्रमाण मात्र कायमचे हरपले आहे. म्हणजे हुंगावयास मिळतो तो गंध नव्हे, गंधाचा तर्क होय.

या कृतीस कोणी परतफेड म्हणेल, तर मी सहमत होणार नाही. ऋण फेडावयास धनको हयात असावा लागतो. येथे फूल गेले, त्याचे रान गेले. त्या गंधाकडे ओढले जाणारे जीवही तेथे नाहीत. गंध परत आला तो ऋणकोच्याच नाकाशी! ऋण फिटल्याचा आनंद ऋणकोने एकट्याने भोगावा, यापरती आत्मवंचना कोणती? गिन्सबर्ग यांनी हे ओळखले आहे, असे त्यांच्या मांडणीवरून वाटते. तेथे फुलाची प्रतिकृती नाही. काचेच्या दालनात काही पाषाण आहेत, गंध आहे, आणि मध्ये प्रेक्षक. बाहेरच्यांना तोच संग्रहालयातील नमुन्यासारखा दिसतो.

तरीही एक आक्षेप उरतोच. कंपनीच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कला कंपनीच्या सामर्थ्याची जाहिरात तर ठरत नाही? ठरू शकते. हळहळीचाही बाजार मांडता येतो. प्रेक्षक दालनाबाहेर पडताना ‘हेही जमले!’ असे म्हणाला, तर कलावंताचा पराभव झाला. ‘हे का गमावले?’ असे त्याच्या मनात आले, तरच तिचे साधले. या कलाकृतीची कसोटी अखेर प्रेक्षकाच्या अंतःकरणात आहे, आणि तेथे कोणाचीच हमी चालत नाही.

गिन्सबर्ग यांचे पुढचे पाऊल म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. 2021 साली कॉर्नवॉलच्या ईडन प्रकल्पात त्यांनी एक बाग रचली. तेथे कोणती रोपे कोठे लावावीत, हे माणसाच्या डोळ्यास काय शोभेल यावरून ठरत नाही. परागण करणाऱ्या अधिकाधिक जातींच्या कीटकांस काय उपयोगी पडेल, यावरून संगणकाचे गणित ते ठरविते. गणित माणसाचेच, हे खरे. भुंग्याचे मन कोणी वाचलेले नाही. तथापि येथे घेणारा हयात आहे, आणि चतुर्थी प्रथमच त्याच्या नावाने लागली आहे. नवी सृष्टी घडविण्याच्या मानाने हे काम किती लहान! पण उरलेल्या सृष्टीस ते आजच उपयोगी पडते. गेलेल्या फुलासाठी आता कोणासही इतके करता यावयाचे नाही.