अंगणातील बोअर आणि शेजाऱ्याचा हक्क



शासनाचा कायदा घराच्या उंबरठ्याच्या आत आला की माणसाचे मन प्रथम विरोधच करते. घर माझे, जमीन माझी, मग इतरांचा संबंध काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि दरवेळी तो चुकीचाही नसतो. 2015 साली महाराष्ट्रात प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्ती लागू झाली. राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचे मांस घरात बाळगणे हाही त्या दुरुस्तीनुसार गुन्हा ठरला. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, परंतु हे कलम रद्द केले. नागरिक आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खाजगी जीवनाचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये, अशी आज्ञा सूरह नूरमध्ये आहेच. घराच्या एकांताला शरीअतनेही संरक्षण दिले आहे. आपल्या लोकांनी ही लढाई न्यायालयात, कायद्याच्या मार्गाने लढवली, हे योग्यच झाले.

परंतु याच युक्तिवादाच्या आधारे आपण अंगणात बोअर घेतो, तेव्हा जरा थांबून विचार करावा लागेल. ताटातील अन्न भिंतीच्या आत राहते. जमिनीखालचे पाणी भिंत मानत नाही.

नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांना उन्हाळ्यातील टँकरची ओळख करून द्यावी लागत नाही. फेब्रुवारी-मार्च उजाडला की बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरू लागतात. एकाने दोनशे फूट घेतले की शेजारी तीनशे घेतो, त्याच्या पलीकडचा पाचशे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला पाणी लागते. ज्याच्याजवळ नाही, त्याच्या आडाचा तळ दिसू लागतो. त्या घरातील स्त्री हंडा घेऊन ज्याच्या दारात उभी राहते, त्यानेच तिचे पाणी खाली ओढलेले असते. आणि तो हंडा भरून दिल्याबद्दल सवाबाची अपेक्षाही बाळगतो!

इंग्रजांच्या काळातील 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूगर्भातले पाणी काढण्याचा हक्क मान्य केला. 'जमीन माझी म्हणून पाणी माझे' ही धारणा तेथून बळावली. पुढे राज्याने 1993 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला आणि सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरचा 2009 चा महाराष्ट्र भूजल कायदा 2014 पासून अमलात आला. विहिरींची नोंदणी आणि 60 मीटरहून खोल विहिरींवरील निर्बंध त्यात आहेत. आपल्यापैकी अनेकांना हा कायदा जाच वाटतो.

आता आपली फिक्ह काय सांगते ते पाहा. विहीर खोदणाऱ्यास तिच्याभोवती चाळीस हातांचे क्षेत्र मिळते, अशी हदीस इब्ने माजामध्ये आहे. या राखीव क्षेत्राला हरीम म्हणतात. त्या हद्दीत दुसऱ्याने विहीर घेऊन पहिल्याचे पाणी तोडू नये, हा त्यामागील हेतू. हनफी फुकहांनी झऱ्यासाठी हे अंतर पाचशे हात सांगितले आहे. पाचशे हात आणि पाचशे मीटर! कायदे करणाऱ्यांनी आपली पुस्तके पाहिली असतील असे मुळीच नाही. परंतु प्रश्न तोच असल्यामुळे उत्तरही त्याच दिशेचे आले. शिवाय हनफी मतानुसार विहिरीचा मालक तहानलेल्या माणसाला आणि जनावराला पिण्याचे पाणी नाकारू शकत नाही. घागरीत भरलेले पाणी त्याचे. विहिरीत असलेल्या पाण्यात तहानेचा हक्क आहे. पाणी, चारा आणि अग्नी या तिन्हींत मुस्लिम परस्परांचे भागीदार आहेत, ही अबू दाऊदमधील हदीस आपण वाझमध्ये ऐकतो आणि मोटारीचे बटन दाबताना विसरतो.

मालकी हक्क कोठे थांबतो, याचे उदाहरण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या जीवनातच आहे. आदरणीय समुरा (रजि.) यांचे खजुराचे झाड एका अन्सारी सहाबींच्या बागेत होते. त्यांच्या येण्याजाण्याने त्या कुटुंबाला त्रास होई. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना झाड विकण्यास सुचविले, बदल्यात दुसरे घेण्यास सांगितले, शेवटी पुण्याच्या बदल्यात देऊन टाकण्यास सांगितले. त्यांनी तिन्ही नाकारले, तेव्हा ते झाड उपटून टाकण्याची आज्ञा झाली. झाड निःसंशय त्यांचेच होते. तरीही शेजाऱ्याला इजा पोहोचविण्याचा परवाना त्या मालकीत नव्हता.

याच जिल्ह्यात नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पावसाचे प्रमाण तेथेही तेवढेच तुटपुंजे. परंतु पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, 1990 च्या दशकात गावाने स्वतःवर बंधने घातली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसे व जनावरे, मग पिके. तेथील शेतकऱ्यांच्याही जमिनी त्यांच्या मालकीच्याच आहेत. आपल्याजवळ हदीस आहे, फिक्ह आहे. मग आपल्या मोहल्ल्यात असा ठराव का होऊ नये?

काही जण म्हणतील, कायदा आहे तो कागदावर. तपासायला कोण येतो? ही भाषा श्रद्धावंताच्या तोंडी शोभत नाही. सूरह मायदाच्या आरंभीच करार पाळण्याची आज्ञा आहे आणि नागरिकत्व हाही करारच आहे. स्वयंपाकघराच्या रक्षणासाठी ज्या कायद्याचा आपण आधार घेतो, त्याच कायद्याला बोअरच्या वेळी पाठ दाखविता येत नाही. सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीत अल्लाह विचारतो की, तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर वाहते पाणी कोण आणून देईल? नगरच्या माणसाला या आयतीचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

आरंभ मशिदीपासून करता येईल. प्रेषित (सल्ल.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे अंदाजे पाऊण लिटरमध्ये वुजू करीत. आपल्या वुजूखान्यातील उघडी तोटी तेवढे पाणी मिसवाक हातात असतानाच सोडून देते. अनेक मशिदींना स्वतःचा बोअर आहे आणि मोठे छतही आहे. मृग लागण्यापूर्वी त्या छताचे पाणी पाइपने खाली आणून, वाळू-खडीच्या शोषखड्ड्यातून बोअरभोवती मुरविण्याचे काम कमिटीने हाती घ्यावे. आणि घरी नवा बोअर घेण्याचा विचार असेल, तर गाडी बोलावण्याआधी भोवतीच्या आड-विहिरींच्या मालकांकडे स्वतः जाऊन विचारावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.