हिशेब विचारणे हे सब्रच्या विरुद्ध आहे काय?

ऑगस्ट २०२४ मधील गोष्ट आहे. मिरजेच्या बाजूला आमच्या मकतबमध्ये शिकणाऱ्या एका मुलाची आई, शिलाईकामावर घर चालवणारी विधवा भगिनी, असरच्या नमाजनंतर पासबुक घेऊन आली. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दोन महिन्यांचे तीन हजार रुपये तिच्या खात्यात जमा झाले होते आणि त्याच दिवशी त्यातील मोठा भाग बँकेने कापून घेतला होता. कारण असे की खाते वर्षभर जवळजवळ रिकामे होते. किमान शिल्लक नसल्याचा दंड दरमहा चढत गेला, खाते शून्याच्याही खाली गेले आणि पैसे येताच तो वसूल झाला. घरची वडील माणसे म्हणाली, “सब्र कर. बँकेशी कोण भांडणार?” तिने मला विचारले, “मौलाना, मी जाब विचारला तर ती नाशुक्री होईल का?”

तिचा प्रश्न पैशांचा नव्हता, ईमानचा होता. म्हणून त्याचे उत्तरही नीट विचार करूनच द्यायला हवे.

सब्र म्हणजे अल्लाहकडून आलेल्या कसोटीत मन ढळू न देणे. पतीचा मृत्यू ही कसोटी होती आणि त्या भगिनीने ती धीराने सोसली. परंतु माणसाने माणसाच्या खात्यावर टाकलेला चुकीचा आकडा ही आकाशातून उतरलेली आपत्ती नव्हे. तो हिशेब आहे, आणि हिशेब तपासता येतो. सूरह अश-शूरामध्ये (४२:३९-४३) ईमानवंतांची एक खूण अशी सांगितली आहे की अन्याय झाला तर ते त्याचा प्रतिकार करतात, आणि असा प्रतिकार करणाऱ्यावर दोष नाही. त्याच ठिकाणी क्षमेलाही श्रेष्ठ म्हटले आहे. पण क्षमा तोच करू शकतो ज्याला आपला हक्क ठाऊक आहे. जो भीतीने किंवा संकोचाने गप्प बसला, त्याने क्षमा केली असे म्हणता येत नाही. त्याचा हक्क फक्त बुडाला.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) नमाज किंवा रोजा यांविषयी नाही, कर्जाच्या लेखी व्यवहाराविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, ती मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आदेश आहे. विशेष म्हणजे कागदाचा मजकूर देणेकऱ्याने सांगावा आणि लेखकाने तो लिहावा, असे ती शिकवते. म्हणजे ज्याच्यावर बोजा आहे त्याला न विचारता त्याच्या नावावर आकडा चढवू नये. याच्या आधीच (२:२८०) देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले, असे सांगितले आहे.

हिशेब मागण्याचा हा हक्क आपल्या मातीलाही परका नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव व वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा सारा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याला सावकाराकडून पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही मिळाला. आज आपण जे पासबुक कपाटात ठेवून विसरतो, त्याच्यामागे एवढा इतिहास आहे.

आजचा नियमही स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार बचत खात्यात किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने ग्राहकाला आधी कळवावे व भरपाईसाठी किमान एक महिना द्यावा. दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ दंडामुळे खाते शून्याखाली जाऊ नये. किमान शिल्लकेची अट नसलेले मूलभूत बचत खातेही बँकेकडे मागता येते. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. लाडकी बहीण योजनेची रक्कम अशी वळती झाल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, तेव्हा शासनानेही बँकांना तसे न करण्यास सांगितले.

कोणी म्हणेल, बँकेचा कारभारच व्याजावर चालतो. तिच्याशी न्यायाची भाषा कशाला? व्याजापासून दूर राहणे आपले कर्तव्य आहे, यात शंका नाही. पण हा दंड त्या भगिनीने घेतलेल्या कर्जाचा नव्हता. कापले गेले ते तिचे स्वतःचे पैसे होते. आणि जो अडचणीमुळे खरोखरच कर्जात अडकला, त्याचाही खऱ्या मोजमापाचा हक्क संपत नाही. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना दिलेला इशारा गिऱ्हाईक कोण आहे हे पाहून बदलत नाही.

मात्र हा तराजू आपल्यालाही लागू आहे. आम्ही दोघांनी अर्ज लिहायला घेतला तेव्हा पासबुकात एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्कही दिसले. मी तेही यादीत धरणार होतो. ती म्हणाली, “ते नको मौलाना, कार्ड मीच मागितले होते.” मी आयत वाचून दाखवली होती, तिने ती आचरणात आणली, कारण देणेकऱ्याने मजकूर सांगताना काहीही कमी करू नये, हेही त्याच आयतीत आहे. काउंटरवरच्या कारकुनाशी ती चढ्या आवाजात बोलली नाही, कारण नियम त्याने केलेला नव्हता. काही आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता कापलेली रक्कम परत जमा झाली.

एकदा एक धनको प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी आपल्या उंटाच्या मागणीवरून कठोर शब्दांत बोलला. सहाबा (रजि.) त्याच्याकडे सरसावले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे सांगितले आणि त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट देवविला. ज्यांच्यापुढे आवाज चढवण्याचे धाडस कोणी करू नये, त्यांनीच हिशेब मागणाऱ्याला अभय दिले. मग एका पासबुकाच्या ओळीविषयी विचारणे नाशुक्री कशी ठरेल?

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात उधारीची वही आहे. अनेकांच्या घरी भाडेकरू आहेत, भिशी आहे. त्या वहीत एखाद्या गरिबाच्या नावापुढे त्याला न विचारता चढवलेला आकडा असेल, तर बँकेला पत्र लिहिण्याआधी तो खोडावा. आणि आपल्या शेजारच्या विधवेचे, हमालाचे, वृद्धाचे पासबुक कधी मागून वाचावे. त्यांना सब्रचा उपदेश करण्याआधी, त्यांचा हिशेब बरोबर आहे की नाही, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.