धंद्याचे प्रयोजन : आनंद की द्रव्य?

महाविद्यालयाची पदवी हाती पडली की मध्यम वर्गाच्या घरांतून एक वाद हटकून उपस्थित होतो. मुलगा म्हणतो, मला नोकरी नको, धंदा करावयाचा आहे. वडील विचारतात, त्यात मिळणार किती? मुलगा उत्तर देतो, मिळकतीचे पुढे पाहू. मला त्यात गोडी आहे. वडिलांस हे उत्तर पोरकट वाटते आणि मुलास वडिलांचा प्रश्न क्षुद्र वाटतो. वस्तुतः दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चाललेले असतात. ती ही की, धंद्याची प्रयोजने दोन, आनंद आणि द्रव्य. आणि त्यांपैकी एक पत्करले म्हणजे दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते. हे गृहीत कितपत टिकते, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात या प्रश्नाचे मूळ सापडते. वैद्यविद्येचे साध्य रोग्याचे आरोग्य, नावाड्याच्या विद्येचे साध्य उतारूंचा सुखरूप प्रवास. वेतन मिळविणे ही एक निराळीच कला असून ती प्रत्येक विद्येस बाहेरून येऊन चिकटते, असे सॉक्रेटिस तेथे प्रतिपादतो. वैद्यास, शिक्षकास, गवंड्यास हा विचार सुरेख लागू पडतो. पण व्यापाऱ्याचे काय? फी न घेणारा वैद्य वैद्यच राहतो. नफा न घेणारा व्यापारी मात्र फार दिवस व्यापारी राहत नाही. ॲरिस्टॉटलने याच अवघड जागी बोट ठेविले. संसारास लागणाऱ्या अर्थार्जनाला स्वाभाविक मर्यादा असते, पैशासाठी पैसा या हव्यासाला ती नसते, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडेही अर्थ हा पुरुषार्थ मानला गेला आहे. पण धर्माचा लगाम त्याच्या तोंडी घालूनच.

आता ‘पैशासाठी पैसा’ मिळविणारा मनुष्य प्रत्यक्षात किती आढळतो ते पाहू. आमच्या छत्रपती संभाजीनगराचे, तेव्हाच्या औरंगाबादचे, नाव २०१० च्या ऑक्टोबरात देशभर गाजले. येथील उद्योजक, व्यापारी, डॉक्टर इत्यादी मंडळींनी एकत्र येऊन दीडशेच्या घरात मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु आपले शहर जगाच्या नजरेस यावे, हा हेतू त्या मंडळींनी उघड बोलून दाखविला होता, आणि तो लक्षात घेण्यासारखा आहे. ॲडम स्मिथने १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हेच सांगून ठेविले आहे की, श्रीमंतास श्रीमंती प्रिय असते ती मुख्यतः लोकांचे डोळे तिच्याकडे वळतात म्हणून. तात्पर्य, द्रव्याच्या मागे लागलेला मनुष्यही बहुधा द्रव्याच्या पलीकडच्या कशाच्या तरी, मानाच्या, निर्भयतेच्या किंवा चुरशीच्या मागे असतो. शुद्ध द्रव्यलोभी हा प्राणी आपण समजतो त्याहून दुर्मिळ आहे.

उलटपक्षी, केवळ आनंदावर चालणारा धंदाही तितकाच दुर्मिळ. याच शहरात सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी उठविणारे हिमरूचे माग शतकानुशतके चालत आले. त्या कारागिरांच्या बोटांत गोडी नव्हती असे कोण म्हणेल? पण यंत्रमागाचा स्वस्त माल बाजारात आला, हाताच्या कामास त्याचे मोल मिळेना, आणि आज हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या भोवती लहानमोठे कारखाने उभे राहिले. विणकराच्या मुलाने मागाऐवजी कारखान्याची वाट धरली, तर त्यास अरसिक म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. गोडीस पोट नसते, गोडी असणाऱ्या मनुष्यास असते.

मग धंद्यातील खरा आनंद कोणता? त्याचे उत्तर आम्हांस शहरापासून पाचसहा कोसांवर असलेल्या देवगिरीच्या किल्ल्यावर सापडते. पैठणचे एकनाथमहाराज तेथे जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेब लिहीत. एकदा हिशेबात एका पैची चूक आली. नाथ रात्रभर वह्या चाळीत बसले. चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैच्या शोधात एवढा आनंद, तर परमार्थात केवढा, असा बोध स्वामींनी त्यांस केला, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. कीर्तनकार तिचा उत्तरार्ध सांगतात. आम्ही येथे पूर्वार्धापाशी थांबतो. पै नाथांची नव्हती. ती सापडल्याने त्यांच्या पदरी काहीच पडावयाचे नव्हते. आणि तरीही तो आनंद पैशाच्याच हिशेबातला होता! जे जुळत नव्हते ते जुळले, यातच तो साठविलेला होता. द्रव्य तेथे फळ म्हणून आले नाही. काम बरोबर झाल्याची साक्ष म्हणून आले.

कोणी म्हणेल, ही संतांची गोष्ट झाली, व्यापाऱ्याची सांगा. तर मराठवाड्याबाहेरचे, पण सर्व महाराष्ट्राच्या परिचयाचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान चालत होते. द्रव्यच साध्य असते तर तेथेच थांबणे शहाणपणाचे होते. ते लोखंडी नांगराच्या मागे लागले. लोखंडाने जमिनीस विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज; पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. आता केवळ निर्मितीचा आनंदच त्यांस पुरेसा असता, तर नांगर तयार झाला त्या दिवशीच कार्यभाग झाला असता. परंतु शेतात न चाललेला नांगर हा नांगरच नव्हे. शेतकऱ्याने पदरचे रुपये मोजून तो नेला, म्हणजेच तो खरा ठरला. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली, ती या साक्षीच्या बळावर. येथे आनंद आणि द्रव्य यांचे भांडण उरतच नाही.

तथापि एक धोका सांगितला पाहिजे. आनंद म्हटला की तो निर्दोषच, अशी आपली भाबडी समजूत असते. विस्ताराचा, धाडसाचा, जुगाराचाही आनंद असतोच; आणि त्या धुंदीत हिशेब जुळविण्याचा कंटाळा येऊ लागतो. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्यातून एके काळी व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच घरोघर गेले. २०१८ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्यान्वये कारवाई सुरू झाली. त्या प्रकरणाच्या कारणमीमांसेत शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु असा प्रसंग कोणत्याही कारखान्यावर आला, तर मालक आनंदासाठी राबत होता की द्रव्यासाठी, या चर्चेचे तेथील कामगारास काय होय? त्याच्या दृष्टीने प्रश्न एकच, हिशेब जुळतो की नाही. आणि हिशेब म्हणजे केवळ जमाखर्च नव्हे. कामगाराची मजुरी, गिऱ्हाईकास दिलेला शब्द, सावकाराचे देणे, हे सर्व त्यात आले. यांपैकी एकही बाजू चुकत असताना ज्यास स्वस्थ झोप लागते, त्यास धंद्याची गोडी आहे असे आम्ही म्हणणार नाही, मग तो कितीही उत्साही असो.

याकरिता पदवीधर मुलाच्या वडिलांस आमची सूचना आहे की, मिळणार किती हा प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा. तो क्षुद्र नाही, कारण लोक ज्याचे मोल देतात ते लोकांच्या उपयोगी पडते याची ती बहुधा खूण असते. पण तेवढ्यावर न थांबता आणखी एक विचारावे : त्या धंद्यातली कोणती चूक तुला रात्री झोपू देणार नाही? मुलास याचे उत्तर चटकन देता आले, तर वडिलांनी खुशाल भांडवल द्यावे. ते बुडण्याचा संभव तरीही राहील. निदान मुलगा बुडणार नाही.