तिकीट काढलं म्हणजे जंगल आपलं झालं का?



पाऊस लागला की सुरतेतल्या आपल्या सगळ्या परिवार-गटांवर एकच विषय असतो, डांगला कधी निघायचं? कोणी वाघईजवळच्या गिरा धबधब्याचा व्हिडिओ टाकतं, कोणी महालच्या कॅम्पची चौकशी करतं, मावश्या थेपल्यांचा हिशोब लावतात. यंदा एका गटात ठरलं की धबधब्यापाशी स्पीकर लावून तासभर भजन करायचं. एका ताईंनी विचारलं, "तिथे स्पीकर लावणं बरोबर आहे का?" झालं! दोन दिवस मेसेज थांबेनात. बहुतेकांचं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येईल. एक, आपण तिकीट काढून जातो. दोन, भजन कधी वाईट असतं का?

आधी तिकिटाचं बघू.

पूर्णा अभयारण्य १९९० साली जाहीर झालं, साधारण १६० चौरस किलोमीटरचं. शाळेच्या पुस्तकातलं सदाहरित वर्षावन ते नव्हे. सागाचं, बांबूचं, उन्हाळ्यात पानं गाळणारं रान आहे. पण गुजरातेत सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या भागांपैकी हा एक, त्यामुळे श्रावणात तिथे गेलं की डोळ्यांना हिरव्याशिवाय काही दिसतच नाही. हे जंगल सरकारी कसं झालं, ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. १८४२ मध्ये इंग्रजांनी ते डांगच्या भिल्ल राजांकडून आणि नाईकांकडून भाडेपट्ट्याने घेतलं. हवा होता साग, जहाजांसाठी. (मुंबईची गोदी उभी करणारे लवजी वाडिया मूळ आपल्या सुरतेचेच, तेव्हा या सागाशी आपल्या गावाचं नातं जुनं आहे.) पुढे जंगल राखीव झालं, आणि जे पिढ्यान् पिढ्या तिथे राहत होते त्यांनाच लाकूड तोडायला, शेत करायला परवानगी लागू लागली.

तरी तो जुना व्यवहार पुरता मिटलेला नाही. दरवर्षी होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो. गाढवी, आमाला, लिंगा, वासुर्णा आणि पिंपरी या पाच गाद्यांच्या राजांना तिथे सरकारकडून सालियाना मिळतो. देशातल्या मोठमोठ्या संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, यांचा चालू राहिला. रक्कम मोठी नाही. पण आम्हाला त्यात एक गोष्ट दिसते. ज्याला आजही मान आणि मोबदला द्यावा लागतो, त्याचं त्या घराशी नातं तुटलेलं नाही. मग फाटकावर पैसे भरून आपण नक्की काय घेतलं? आत पाऊल टाकण्याची परवानगी, एवढंच. लग्नाला आहेर दिला म्हणून कोणी यजमानाच्या माजघरात पलंग टाकत नाही.

आपल्याकडे अतिथीला देव मानायची शिकवण आहे, आणि ती आपण आवडीने सांगतो. पण ती यजमानासाठी आहे हो! पाहुण्यानेच ती यजमानाला ऐकवायची नसते.

आता भजनाचं. गटातल्या एका काकांनी लिहिलं, "डांगी लोक स्वतः पावरी वाजवून रात्रभर नाचतात, मग आपलंच काय खुपतं?" मुद्दा चांगला आहे. पण ते आपल्या अंगणात, आपल्या सणाला वाजवतात. वाघबारशीला तेच लोक वाघदेवाची पूजा करतात. वाटेच्या कडेला वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेला दगड किंवा लाकडी खांब दिसला तर ते त्यांचं देऊळ समजा. त्याला टेकून सेल्फी काढणारी मुलं आपल्याच बसमधून उतरतात, हे प्रत्येक गटाने बघितलंय.

आणि ऐकणारा कोण आहे, हेही विचारात घ्यावं लागेल. पावसाळ्यात बेडूक ओरडतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. वर्षभरातले तेवढेच दिवस त्यांच्या हातात असतात. भेकर आणि बिबट्या तर कानांवरच जगतात. आपला भाव शुद्ध असला तरी स्पीकरचा आवाज भाव बघून कमी होत नाही. फिल्मी गाण्यापेक्षा भजन बरं, हे आपल्या मनाला पटतं, पण बेडकाला त्या दोन्हींत काय फरक? हेतू चांगला असला की त्रास पुण्यात जमा होतो, असं मानणं आम्हाला धोक्याचं वाटतं. माकडांना टाकलेला प्रसाद, नदीत सोडलेलं पिशवीतलं निर्माल्य, सगळं याच वाटेने जातं. पूर्णेत टाकलेली पिशवी तिथेच राहत नाही, पाण्याबरोबर नवसारीकडे निघते.

म्हणून गटात असं ठरलंय: स्पीकर घरीच राहील. भजन बसमध्ये म्हणू, टाळ्यांवर. धबधब्यापाशी अर्धा तास गप्प बसायचं, लहान मुलांनी सुद्धा (जमेल तेवढं!). जेवण घरून न नेता तिथल्या बायकांकडून नागलीची भाकरी घ्यायची, भाव न करता. आपल्यातली खानदेशची मंडळी त्यांच्याशी बोलून बघा. त्यांची बोली अहिराणीच्या इतकी जवळ आहे की दुभाषा लागणार नाही.

ज्यांना पावसात जमणार नाही, त्यांनी होळीच्या आधी दरबाराला आहव्याला यावं. तेव्हा धबधबे जवळजवळ आटलेले असतात, पण घरचे मालक भेटतात. नावं रविवारपर्यंत आपापल्या गटप्रमुखांकडे द्या.