गॅरी शँडलिंगच्या वह्या

अमेरिकी विनोदकार गॅरी शँडलिंग २४ मार्च २०१६ रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी अचानक गेला. मागे राहिल्या त्याच्या कित्येक वर्षांच्या वह्या. त्या मध्यभागी ठेवून दिग्दर्शक जड ॲपटॉवने ‘द झेन डायरीज ऑफ गॅरी शँडलिंग’ हा माहितीपट केला. २०१८ साली एचबीओवर तो दोन भागांत आला. मित्राने मित्राला वाहिलेली साडेचार तासांची श्रद्धांजली म्हटलं की हारतुऱ्यांची धास्ती वाटते. इथे तसं होत नाही, कारण वह्या लिहिणारा स्वतःशी फार कठोर होता.

पडद्यावर ती पानं अगदी जवळून दिसतात. विनोदांच्या टिपणांशेजारीच स्वतःला बजावणं: अहंकार सोड, आहेस तसाच मंचावर उभा राहा. काही पानांनी पुन्हा तेच. साधकाची वही अशीच असणार. ज्याला साधलं, तो रोज कशाला लिहील? अध्यात्म म्हणजे सदैव शांत चेहरा, हा आपला समज या पानांपुढे टिकत नाही. शँडलिंग ध्यान करायचा, बौद्ध विचार वाचायचा आणि तरीही धास्तावायचा, दुखावला जायचा. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात खऱ्या होत्या, आणि ॲपटॉव त्यातली एकही झाकत नाही.

या धडपडीचं मूळ ॲरिझोनातल्या टुसॉनमधल्या बालपणात आहे. थोरला भाऊ बॅरी सिस्टिक फायब्रोसिसने गेला तेव्हा गॅरी दहा वर्षांचा होता. त्याला अंत्यविधीला नेलं नाही. लेकराला त्रास नको, हाच हेतू असणार. ‘पोरांना कशाला सांगायचं?’ म्हणणारी घरं आपल्याकडेही कमी नाहीत. पण दडवलेलं दुःख मुलाच्या आत मुक्कामाला राहतं. मोठेपणी शँडलिंगने बॅरीला उद्देशून लिहिलेलं पत्र माहितीपटात येतं. ते ऐकल्यावर आधीचे सगळे विनोद वेगळे ऐकू येऊ लागतात.

त्याची खरी साधना मला ‘द लॅरी सँडर्स शो’मध्ये दिसते. १९९२ ते १९९८ चाललेल्या या मालिकेत त्याने रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा निवेदक रंगवला. प्रेक्षकांसमोरचा भाग व्हिडिओवर चित्रित केलेला, पडद्यामागचा फिल्मवर. समोर लॅरी चकचकीत, हसरा. मागे गेला की स्तुतीचा भुकेला, घाबरट, मत्सरी. तसा खरा कार्यक्रम चालवण्याची संधी शँडलिंगने नाकारली आणि त्या खुर्चीत बसल्यावर माणसाचं काय होतं, हे मात्र सहा वर्षं दाखवलं. अहंकाराची इतकी बारकाईने केलेली चिरफाड मी दुसऱ्या कुठल्या विनोदी मालिकेत पाहिलेली नाही.

मृत्यूच्या दोनच महिने आधी विनोदकार जेरी साइनफेल्डच्या कार्यक्रमात दोघे मेलेल्या विनोदकारांबद्दल बोलत होते. माणसाबरोबर त्याचा सगळा माल जातो, याची साइनफेल्डला हळहळ. शँडलिंग त्याला आधी चिडवतो, मग म्हणतो की ते विनोद म्हणजे आत्मा व्यक्त करण्याचं नुसतं वाहन. मला हे पूर्ण पटतं. विनोद शिळे होतात, संदर्भ विझतात. ते सांगणाऱ्याने स्वतःला किती उघडं केलं होतं, ते मात्र तीस वर्षांनीही जाणवतं.

उत्तरायुष्यात त्याने पडद्यावर फारसं काही केलं नाही. काही समीक्षकांना तो काळ वाया गेलासा वाटतो. मला नाही वाटत. रविवारी त्याच्या घरी बास्केटबॉल रंगायचा, तरुण विनोदकार जमायचे, तो त्यांचं लिखाण वाचून सल्ला द्यायचा. एकोणीस वर्षांचा असताना तो स्वतः टुसॉनहून गाडी चालवत फीनिक्सला गेला होता, विनोदकार जॉर्ज कार्लिनला आपली पानं दाखवायला. कार्लिनने ती वाचली आणि लिहीत राहा म्हणून सांगितलं. पुढे शँडलिंगने कित्येकांसाठी तेच केलं. ‘लॅरी सँडर्स’च्या लेखकांत असलेला ॲपटॉव त्यांपैकीच एक.